इंजिन बेमध्ये हात पोचत नाही तिथे रंगाला पॉलिश कसं करायचं?

बॉनेटखालचा रंग पांढरट पडलाय, पाइपांच्या मागे हात जात नाही, कुठलं मशीन घेऊ, असं तुम्ही विचारलंय. मशीनच्या आधी पांढरं सुती कापड घ्या. बाहेरच्या पत्र्यावर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नीट बसलेला असतो. बॉनेटखाली बऱ्याच गाड्यांत तो पातळ असतो, नाहीतर नसतोच. एका कोपऱ्यात थोडं पॉलिश लावून घासा. कापडाला गाडीचा रंग लागला म्हणजे वर क्लिअर नाही. सॉलिड (चंदेरी कण नसलेला) रंग असेल तर हलक्या हाताने पुढे जा. मेटॅलिक असेल आणि कापड करडं झालं तर तिथेच थांबा. चंदेरी कण निघाले की डाग पडतो, आणि तो परत रंग मारल्याशिवाय जात नाही.

हे ठासून सांगतोय, कारण माझ्याकडे एक लाल मारुती 800 आली ती आधीच कुणीतरी नासवलेली. अ‍ॅप्रनवर (चाकाच्या वरच्या आतल्या पत्र्यावर) रबिंग कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, आणि लोकरीचा पॅड लावून मशीन फिरवलं होतं. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे प्रायमर उघडा पडला होता. सीम सीलरच्या (पत्र्यांचे जोड बुजवणाऱ्या लगद्याच्या) खाचांत कंपाउंड वाळून पांढऱ्या रेघा झालेल्या, आणि हे सगळं झाकायला वरून सिलिकॉनचा स्प्रे. "आत कोण बघतंय" असं म्हणणाऱ्याने बॉनेट उघडूच नये, हे माझं जुनं मत आहे.

त्या गाडीला डिझेलवॉशही झालेला होता, म्हणजे इंजिन डिझेल मारून धुतलेलं. डिझेलचा थर राहिला की पॉलिश नुसतं घसरतं, कापत नाही. शिवाय धूळ चिकटते आणि रबरी होज फुगतात. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग बॅटरी, एअर फिल्टरचा डबा आणि वॉशरची बाटली बाहेर घेतली. हात पोचत नाही म्हणतात त्यातल्या निम्म्या जागा एवढ्यानेच मोकळ्या होतात. ब्रेक, पेट्रोल आणि एसीच्या लाइनी मात्र सोडवायच्या नाहीत. कार्ब्युरेटरचं तोंड, डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटर पॉलिथिनने बांधले, स्टिकरांवर टेप लावली. क्लीनर एकास दहा पाण्यात, मऊ ब्रश, मग ओलं कापड. प्रेशरचं पाणी मारलं नाही.

फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, पाइपांच्या मागे पट्टी चालते. मायक्रोफायबरची तीन सेंटिमीटर रुंद, हातभर लांब पट्टी कापा आणि वाकवलेल्या तारेने पाइपामागून ओवून घ्या. मधोमध हरभऱ्याएवढं फाइन पॉलिश लावा आणि दोन्ही टोकं धरून रवीच्या दोरीसारखी आलटून पालटून ओढा. वीस-पंचवीस ओढी झाल्या की पट्टी बदला. पाइपावर ताण येऊ देऊ नका, पट्टी पत्र्यालाच घासली पाहिजे. त्या 800 ची पहिली पट्टी विटकरी लाल निघाली, तिसरी जेमतेम गुलाबी. मेलेला थर निघाला होता, मी तिथेच थांबलो. चौथी पट्टी ओढायचा मोह होतो, पण त्यानंतर चांगला रंग जायला लागतो.

पट्टीही जात नाही तिथे आइस्क्रीमच्या काडीवर फोम आणि त्यावर कापड गुंडाळा. बोल्टच्या भोवती कान कोरायची कापसाची काडी. सीम सीलर मऊ असतो, त्यावर घासायचं नाही; चुकून पॉलिश गेलंच तर वाळायच्या आत मऊ टूथब्रशने काढा.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली रंग सुटलेला असेल तर ते फ्लुइडचं काम. तिथे पॉलिश उपयोगाचं नाही, गळती बंद करून टचअपच करावा लागतो. बॅटरीच्या ट्रेखाली अ‍ॅसिड सांडलेलं असेल तर कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ओता, फेस यायचा थांबला की धुवा.

आता मशीन. एकदोन गाड्यांसाठी ड्रिलला एक्स्टेन्शन आणि 25 मिलिमीटरचा फोम पॅड पुरतो. 1000 ते 1500 आरपीएम, एका जागी पाच-सहा फेरे. एक्स्टेन्शनच्या दांड्याला टेप गुंडाळा, नाहीतर तोच शेजारचा रंग ओरबाडतो. रोजचं काम असेल तर रुपेस कंपनीचं आयब्रिड नॅनो हे छोटं पॉलिशर घ्या. पण दोन्ही सपाट जागेपुरतीच, शॉकअपचा टॉवर वगैरे. कडांवर हातच चालवा.

शेवटी सिंथेटिक सीलंट लावा. कार्नोबा मेण 80-85 अंशांना वितळतं, बॉनेटखाली ते टिकत नाही.

आणि एक राहिलं: हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर यातलं काहीही घरी करू नका. नारिंगी केबल हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या आसपास पट्टी-तार घालायची नाही.