कारूतील हिरवे गाव आणि पाटाचे पाणी

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतील कारू हा प्रदेश रखरखीत आहे असे वाचले होते, परंतु तेथील प्रिन्स अल्बर्ट या लहानशा गावाच्या छायाचित्रांत अंजीर, जर्दाळू आणि ऑलिव्हच्या बागा दिसतात. हे पाणी येते कोठून, आणि ते गावात सर्वांना सारखे मिळते का?

उत्तर : आपण वाचलेले आणि पाहिलेले दोन्ही खरे आहे. केप टाउनपासून सुमारे 400 किलोमीटरवरील या गावात वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही, आणि ‘कारू’ हे नावच मुळी खोईखोई या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील, कोरडेपणा सांगणाऱ्या शब्दावरून आलेले आहे. गावाबाहेर पडताच खुरटी झुडपे, मेंढ्या आणि वाऱ्यावर चालणारे पाणीपंप एवढेच दिसते. चारा इतका विरळ की एकेका शेतकऱ्याला कळपासाठी हजारो हेक्टर रान लागते.

गाव मात्र स्वार्टबर्ग डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी आहे, आणि त्याचे सारे भाग्य या डोंगरात आहे. माथ्यावर पाऊस आणि हिवाळ्यात बर्फ पडते. ते पाणी वालुकाश्माच्या भेगांतून झिरपत झऱ्यांवाटे खाली येते. म्हणूनच 1762 मध्ये येथे क्वेकफाले नावाची शेतवाडी वसली; तिचे पुढे गाव झाले आणि 1845 मध्ये त्याला राणी व्हिक्टोरियाच्या पतीचे नाव मिळाले. डोंगरापलीकडे जाणारा, रस्ते बांधणारे अभियंते टॉमस बेन यांनी कैद्यांच्या श्रमांतून पुरा केलेला स्वार्टबर्ग घाट 1888 मध्ये खुला झाला. त्याच्या कडेच्या, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत.

डोंगरातून आलेले पाणी रस्त्यांच्या कडेने पाटांतून गावभर फिरते. त्याला आफ्रिकान्समध्ये, म्हणजे डचमधून घडलेल्या तेथील भाषेत, ‘लेइवाटर’, म्हणजे वळवून नेलेले पाणी, असे म्हणतात. पाण्याचा हक्क असलेल्या प्रत्येक भूखंडाची पाळी ठरलेली असते. पाळी आली की मालकाने पाटाची फळी उचलायची, पाणी बागेत घ्यायचे आणि वेळ संपताच फळी खाली टाकायची. पाळी मध्यरात्री आली, तरी कंदील किंवा विजेरी घेऊन दारे धरायला उठावेच लागते. इतक्या थोड्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या बागा जगल्या त्या या शिस्तीमुळे, आणि मला तिच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

तरीही आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. पाळी माणसाला नव्हे, जमिनीला जोडलेली आहे. 1950 च्या वंशनिहाय वस्ती कायद्याच्या काळात देशभरातील गावांप्रमाणे येथेही, तेथील सरकारने ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, ठरवलेल्या कुटुंबांना गावाच्या मुख्य भागातून उत्तरेकडील वस्तीत जावे लागले. ज्यांची पाटाकाठची जमीन गेली, त्यांची पाण्याची पाळीही तिच्याबरोबर गेली. 1998 च्या राष्ट्रीय जल कायद्याने पाण्यावरील खासगी मालकी संपवून शासनाला त्याचे विश्वस्त केले. मात्र त्याआधीपासून कायदेशीरपणे चालत आलेला पाणीवापर त्याने तसाच चालू राहू दिला.