तुलना करताना बुरशीचे ‘शरीर’ कोणते धरावे?

गोल्डीचे माकड (दक्षिण अमेरिकेतील एक छोटे माकड) आणि लाकडावर वाढणारी कानाच्या आकाराची ऑरिक्युलेरिया बुरशी यांचा तुलनात्मक तक्ता करताना ‘शरीराचा आकार’ या रकान्यात अडकल्याचे आपण लिहिले आहे. मीही पूर्वी नेमका तिथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी शास्त्रज्ञ नाही, हौशी निरीक्षक आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावे.

ओंडक्यावर दिसणारा तो तपकिरी, रबरासारखा लवचिक कान म्हणजेच संपूर्ण बुरशी, असे मी गृहीत धरले, त्याची लांबी-रुंदी मोजली आणि सुमारे ५०० ग्रॅम वजनाच्या माकडाशेजारी ते आकडे लिहून मोकळा झालो. प्रत्यक्षात तो कान केवळ बीजाणू तयार करणारा भाग असतो. खरे शरीर म्हणजे लाकडाच्या आत पसरलेले तंतूंचे जाळे. पुढे एकदा अशाच ओंडक्याची साल सोलली, तेव्हा आतले लाकूड नखाने कुस्करता येईल इतके मऊ झालेले दिसले आणि माझी सारी मोजमापे फोल असल्याचे उमगले. तोपर्यंत तक्ता एका संस्थेकडे तपासणीसाठी गेला होता. तीन महिन्यांनी ‘विषय अयोग्य’ एवढाच शेरा मारून तो परत आला. चूक कुठे आहे हे त्यांनी एका ओळीत कळवले असते, तर माझी कित्येक महिन्यांची वणवण टळली असती. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या मते आकाराचा रकाना काढूनच टाकावा आणि अन्नापासून सुरुवात करावी. माकड अन्न पोटात घेऊन पचवते. बुरशी विकरे (अन्नाचे विघटन करणारी द्रव्ये) बाहेर सोडून लाकडातच पचन उरकते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. तिला वनस्पतींच्या रांगेत बसवू नये, कारण तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन (कीटकांच्या कवचातही असणारा चिवट पदार्थ) असते आणि वंशावळीने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे.

शिवाय या दोघांमध्ये थेट नाते आहे: पश्चिम ॲमेझॉनच्या जंगलातील हे माकड ऑरिक्युलेरियासारख्या बुरशा खाते. असे कान विखुरलेले व अल्पजीवी असल्यामुळे त्याला दूरवर भटकावे लागते. जाता जाता एक सूचना: छायाचित्रांत या माकडाची काळ्या टॅमरिनशी (तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या छोट्या माकडाशी) गल्लत होते, म्हणून दात मोजलेली नोंद पाहावी, गोल्डीच्या माकडाला ३६ दात असतात, टॅमरिनला ३२.