इंग्लंडचा राजा हेन्री सहावा खरंच इतका नालायक होता का?

राजा म्हणून कमकुवत होता, यात वाद नाही. 1445 साली फ्रेंच राजघराण्यातल्या मार्गारेटशी लग्न झालं आणि त्याच वर्षी त्याने फ्रान्समधला, इंग्रजांच्या ताब्यातला मेन प्रांत फ्रेंचांना सोडायचं कबूल केलं. 1450 मध्ये फ्रान्समधला नॉर्मंडी प्रांतही गेला. मर्जीतल्या सफक, सॉमरसेटसारख्या सरदारांना त्याला आवरता आलं नाही. यासाठी खुशाल शिव्या द्या.

पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की 'वर्षभर नुसता बसून होता', ते मला झोंबलं. ऑगस्ट 1453 मध्ये, फ्रान्समध्ये कास्तियोंच्या लढाईत इंग्रज हरल्यानंतर, तो एकाएकी गप्प झाला. दोघांनी धरून न्यावं लागे. ऑक्टोबरात मुलगा झाला, तो समोर आणला तर एकदा पाहून नजर खाली. 1454 च्या नाताळात भानावर आल्यावर त्याने मुलाचं नाव विचारलं. हा आजार होता.

माझे धाकटे काका असेच गप्प झाले होते. गारपिटीत द्राक्षबाग गेली, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचे, आजी घास भरवायची. थोरले काका चारचौघांत म्हणायचे, "ढोंग आहे, काम नको म्हणून." देवऋषी झाला, उतारे झाले. शेवटी आईने भांडून जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं आणि गोळ्यांनी माणूस हळूहळू परत आला. तोवर थोरल्यांनी वाटणी उरकून विहिरीकडचा तुकडा स्वतःकडे घेतला होता. अंगठा कुणी धरून उमटवला, ते सगळ्या घराला माहीत आहे.

हेन्रीचा नातलग असलेल्या यॉर्कच्या ड्यूकने निदान मार्च 1454 मध्ये पार्लमेंटातल्या सरदारांच्या संमतीने कारभार हाती घेतला आणि राजा बरा झाल्यावर सोडला. पुढे 1455 ला सेंट ऑल्बन्सला यॉर्क आणि राजाची माणसं यांच्यात लढाई जुंपली ती जुंपलीच. हेन्री 1471 मध्ये लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत मेला, बहुतेक मारलाच गेला. त्याने 1440 ला काढलेली ईटनची शाळा आणि 1441 चं केंब्रिजचं किंग्ज कॉलेज आजही चालू आहे.

आजाराचं नेमकं नाव साडेपाचशे वर्षांनंतर ठरवता येत नाही, हे खरं. त्याच्या आईचे वडील, फ्रान्सचे सहावे चार्ल्स, यांनाही वेडाचे झटके यायचे. आणि 1453 आधीच्या चुका आजारावर ढकलता येणार नाहीत.

घरात असं माणूस असेल तर आधी डॉक्टर गाठा, आणि तो बरा होईपर्यंत कोणत्याही कागदावर त्याची सही घेऊ नका. थोरले काका हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, तो विहिरीकडचा तुकडा धाकट्यांच्या नावावर करा. फेरफाराचा अर्ज मी भरून देते.