घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवताना: बडोदेकरांचे प्रश्न

कारेलीबाग: गाडीबरोबर ७.२ किलोवॅटचा चार्जर मोफत मिळतो आहे. आमचा मंजूर लोड (वीज कंपनीने घराला दिलेली मर्यादा) ४ किलोवॅट. मकरपुऱ्याला जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर होतात. बसवून घ्यावा का?

आधी रोजची गरज मोजा. मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटवर साधारण ७ किलोमीटर धावते. चार्जिंगमधली गळती धरली तरी तुम्हाला रोज ७ युनिटं पुरतात. १५ अँपियरच्या सॉकेटवरून तासाला ३ युनिटं मिळतात, म्हणजे रात्री अडीच तासांचं काम. त्याच वेळी एसी चालणार असेल तर लोड ५ किलोवॅट करून घ्या, बास.

७.२ चा मोठा बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, पूर्ण ताकदीने चालवायचा तर घराचा लोड ६ किलोवॅटच्या वर जाईल. मग थ्री-फेज जोडणी, जादा डिपॉझिट आणि नवी केबल आली. आठवड्यातून दोनदा अहमदाबाद-सुरत करणाऱ्यांना तो खर्च परवडतो. फुकटचा आहे म्हणून घ्यायचाच असेल तर करंट १६ अँपियरवर ठेवायला सांगा. बहुतेक बॉक्समध्ये ती सोय असते.

दांडिया बाजार: जुना वाडा आहे, वायरिंगही जुनंच. गीझरच्या सॉकेटला चार्जर लावला तर लाल दिवा लागतो. वायरमन म्हणतो, सॉकेटमध्ये एक तुकडा जोडला की चालेल.

कृपा करून ते करू देऊ नका. तो लाल दिवा बहुधा अर्थिंग नसल्याचा आहे, आणि वायरमनचा ‘तुकडा’ म्हणजे न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ एकत्र जोडणं. चार्जरला अर्थिंग आहे असं वाटतं आणि तो चालू होतो. पण उद्या न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरेल, आणि त्याच गाडीला अंगणातली मुलं टेकून उभी असतात. अशी जोडणी मी अनेक घरांत पाहिली आहे. प्रत्येक वेळी ती काढेपर्यंत चैन पडत नाही.

शिवाय गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी मात्र तीन-तीन तास तेवढाच करंट सलग ओढते. जुन्या, सैल जोडावर तेवढ्यात प्लास्टिक वितळतं. म्हणून मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (करंट जादा झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपियरचा ‘टाइप ए’ आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करून घ्या. ७.२ चा बॉक्स असेल तर वायर निदान ६ चौरस मिलिमीटरची हवी. अर्थिंग टेस्टरने मोजून घ्या, आकडा ५ ओहमच्या आत हवा आणि तो बिलावर लिहून मागा. पैसे कमी असतील तर बॉक्सवर वाचवा, इथे नको.

वासणा रोड: सोसायटीची कमिटी पार्किंगमध्ये चार्जर बसवू देत नाही.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडीसाठी वेगळी जोडणीही मागता येते. पण नियम दाखवून सेक्रेटरींशी भांडू नका. केबल कुठून जाईल त्याचा नकाशा, वायरमनच्या परवान्याची प्रत आणि ‘वीज माझ्याच मीटरवरून’ असं लेखी द्या. कमिटीला बहुतेक वेळा कॉमन बिलाची आणि आगीची धास्ती असते.

समा: ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. चार्जर किती उंचीवर लावावा?

भिंतीवर तेव्हाच्या पाण्याची खूण असेल. बॉक्स त्याच्या वर, हात पोचेल तिथवर. पाणी हात पोचतो त्याहूनही वर चढलं असेल तर बॉक्सच नको. पहिल्या मजल्यावर स्विच ठेवून सुटा चार्जर वापरा आणि विश्वामित्री नदी वाढल्याची बातमी आली की वरूनच पुरवठा तोडा. बुडालेला बॉक्स वाळला तरी तपासल्याशिवाय चालू करू नका. बुडालेली गाडीही सर्व्हिस सेंटरने पाहिल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

मांजलपूर: गाडीसाठी वेगळा मीटर घेतला तर लाइट बिल कमी येईल का? छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहे.

घरगुती दर टप्प्यांनी चढतो आणि २५० युनिटांपलीकडचा टप्पा सगळ्यांत महाग असतो. गाडीची महिन्याची दोनशेक युनिटं नेमकी तिथेच पडतात. ईव्हीच्या, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या, दरात असे टप्पे नाहीत, त्यामुळे सोलर नसलेल्या आणि भरपूर वापर असलेल्या घराला वेगळा मीटर फायद्याचा ठरतो.

तुमचं मात्र उलटं आहे. तुमचं सोलर घरच्या मीटरला जोडलेलं आहे. गाडीच्या नव्या मीटरवरची युनिटं त्यातून वजा होणार नाहीत. ३ किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिटांच्या आसपास देतं. गेल्या वर्षभराची बिलं काढा. ग्रिडमध्ये दिलेली युनिटं महिन्याला दीडशेच्या पुढे उरत असतील तर गाडी घरच्याच मीटरवर ठेवा आणि सुटीच्या दिवशी दुपारी चार्ज करा.