तेरीज जुळत नाही म्हणून बी.कॉम. सोडायचं?

‘माझं गणित कच्चं आहे, मग अकाउंट्स झेपेल का?’ बारावी सायन्स किंवा आर्ट्स करून कॉमर्सकडे वळलेली मुलं बी.कॉम.च्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास घेऊन येतात. सांगलीतल्या एका विद्यार्थिनीची ही हकीकत त्याच प्रश्नाची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण त्या तिच्या एकटीच्या नाहीत.

ती मामांबरोबर आली. बारावी सायन्समधून कशीबशी निभावलेली, अकाउंट्समध्ये एटीकेटी लागलेली. निर्णय घेऊनच आली होती: पुढच्या वर्षी बी.ए.ला प्रवेश. मामा मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. ते म्हणाले, ‘‘रोज रात्री मी शिकवतो हो हिला. तीस वर्षं कीर्द लिहितोय. तरी हिची तेरीज काही जुळत नाही.’’ (कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची देशी वही. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स: सगळ्या खात्यांच्या नावे, म्हणजे डेबिट, आणि जमा, म्हणजे क्रेडिट, शिलकांची यादी. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी.) मामांचं हे वाक्य पुढं फार कामी आलं, पण तेव्हा तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

अशा वेळी मुलीच्या आत्मविश्वासावर बोलत बसण्यात अर्थ नसतो. आधी वह्या बघाव्या लागतात. तिच्या वर्गचाचण्यांचे पेपर आणि सरावाची वही मागवली आणि लाल पेनानं फक्त चुका मोजल्या. एकूण तेवीस निघाल्या. बेरीज-वजाबाकीच्या २. बाजू उलटी झालेल्या ११. समायोजनेचा (वर्षअखेरीच्या दुरुस्ती-नोंदीचा) एकच परिणाम दाखवलेल्या ६. वेळ संपला म्हणून अर्धवट राहिलेल्या ४. ज्या गणिताच्या भीतीनं ती पदवी सोडायला निघाली होती, त्याच्या खात्यावर तेवीसातल्या दोनच चुका होत्या.

पहिल्या वर्षाच्या अकाउंट्सला बेरीज, वजाबाकी, टक्केवारी, गुणोत्तर आणि महिन्यांचा हिशेब एवढंच गणित लागतं. १ ऑक्टोबरला ८०,००० रुपयांचं यंत्र घेतलं, घसारा (वापरानं किमतीत होणारी घट) दरसाल १० टक्के, वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे सहा महिन्यांचा घसारा ४,०००. इथं ८,००० लिहिणारा मुलगा गणितात कच्चा नसतो, त्यानं तारीख वाचलेली नसते. पुढं बिझनेस स्टॅटिस्टिक्स येतं आणि तिथं गणिताला खरंच बसावं लागतं, हेही तिला त्याच दिवशी सांगितलं. खोटा दिलासा मुलं लगेच ओळखतात.

मग त्या अकरा उलट्या बाजू कुठून आल्या? ती नियम पाठ म्हणून दाखवत होती: येणाऱ्याचं नावे, जाणाऱ्याचं जमा. एक साधी नोंद करायला दिली. एका व्यापाऱ्याकडून ५,००० रुपये रोख आले. रोख पुस्तकात तिनं रक्कम बरोबर डावीकडं लिहिली. खातेवहीत व्यापाऱ्याच्या खात्यातही डावीकडंच लिहिली. ‘‘असं का?’’ विचारल्यावर उत्तर तयार होतं: ‘‘मामा म्हणतात, डावीकडं जमा, उजवीकडं नावे.’’

मामांचं चुकलेलं नव्हतं. देशी पद्धतीच्या वहीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची असते. कॉलेजात शिकवतात त्या पद्धतीत डावी बाजू नावेची आणि उजवी जमेची. गंमत अशी की आलेली रोकड दोन्हीकडं डावीकडंच पडते. कीर्दीत ती देणाऱ्या माणसाची जमा म्हणून, कॉलेजच्या रोख पुस्तकात रोख खात्याची नावे म्हणून. त्यामुळं इथवर गोंधळ झाकून राहतो. खतवताना, म्हणजे नोंद खातेवहीत उतरवताना, तो उघडा पडतो. देशी खतावणीत त्या व्यापाऱ्याची जमा डावीकडंच राहते, कॉलेजच्या खातेवहीत ती उजवीकडं जायला हवी. दिवसा एक पद्धत, रात्री दुसरी, आणि दोन्ही शिकवणारे आपापल्या जागी बरोबर. पोरगी मधल्या मधे सापडली होती.

हा गोंधळ दिवाणजींच्या घरापुरता नाही. मोबाइलवर बँकेचा निरोप येतो, ‘तुमच्या खात्यात ५,००० जमा.’ वर्गात सर सांगतात, बँकेत पैसे भरले की बँक खातं नावे करा. मूल म्हणतं, कुणीतरी एक खोटं बोलतंय. वास्तविक बँक स्वतःच्या वहीतून बोलते. तिच्या लेखी तुम्ही धनको, कारण तुमचे पैसे ती देणं लागते, म्हणून जमा. तुमच्या वहीत तीच बँक तुमची ऋणको, म्हणून नावे. पासबुकातली जमा शिल्लक म्हणजे तुमच्या रोख पुस्तकातली नावे शिल्लक. हे एकदा नीट बसलं की बँक जुळवणी पत्रकाचा निम्मा धडा उरतच नाही.

तेव्हा तिला पहिलं काम दिलं ते असं: कुठलाही व्यवहार लिहिण्याआधी वर पेन्सिलीनं लिहायचं, ‘वही कुणाची?’ मग कुठली दोन खाती, आणि शेवटी बाजू. सलग पंधरा दिवस, रोज दहा व्यवहार. मामांना शिकवणं थांबवायला सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर तिचा घरचा एकमेव आधार सुटला असता. त्यांना एवढंच सुचवलं की तुम्ही व्यवहार सांगा, बाजू तिला ठरवू द्या.

अडतीचे व्यवहार सरावाला फार चांगले. समजा शेतकऱ्याची दहा क्विंटल हळद क्विंटलला १४,००० रुपयांनी गेली. खरेदीदार नावे १,४०,०००. हमाली-तोलाईचे १,२०० वळते केले, तर शेतकरी जमा १,३८,८०० आणि हमाली-तोलाई जमा १,२००. (आकडे सरावापुरते, आणि अडत, म्हणजे दुकानाचं कमिशन, सोपेपणासाठी सोडून दिलीय.) या नोंदीत खरेदी खातं कुठंच नाही, कारण हळद दुकानाची नव्हेच. दुकान फक्त विकून देतं. तिनं पहिल्यांदा खरेदी नावे केलीच होती. कन्साइनमेंटचा, म्हणजे दुसऱ्याचा माल त्याच्या वतीनं विकून देण्याचा, धडा पुढं आला, तेव्हा वर्गात माल कुणाचा हे न विचारता कळणारी ती होती.

सहा चुका समायोजनेच्या. तेरीज पत्रकाबाहेर दिलेल्या प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम असतात. देणे (द्यायचा राहिलेला) पगार ३,००० असेल तर नफा-तोटा खात्यात पगारात मिळवायचा आणि ताळेबंदात देयता बाजूला दाखवायचा. पण तोच आकडा तेरीज पत्रकाच्या आत आला असेल तर त्याची जागा एकच, ताळेबंद. मुलं इथं घाईत चुकतात. उपाय अगदी बाळबोध आहे: समायोजनेशेजारी दोन चौकटी काढायच्या, एकेक परिणाम लिहून झाला की टिक करायची, आणि एकही चौकट रिकामी असताना ताळेबंदाची बेरीज करायची नाही. बुडीत कर्जाचा सापळा मात्र वेगळा. ऋणको ५२,०००, आणखी बुडीत कर्ज २,०००, संशयित बुडीत कर्ज निधी ५ टक्के. हिनं ५२,०००वर २,६०० काढले. आधी २,००० वजा करायचे, मग ५०,०००वर २,५००. बुडालेल्या पैशावर पुन्हा ‘बुडेल की काय’ ही शंका कशाला?

अभ्यासाची सवयही बदलावी लागली. ती गाइडातली सोडवलेली उदाहरणं वाचायची आणि ‘कळलं’ म्हणायची. अकाउंट्स वाचून कळतं, पण येत नाही. रोज पाऊण तास, एक उदाहरण, कोरा कागद, पट्टीनं आखलेलं खातं. पहिला अर्धा तास उत्तर उघडायचं नाही. चुकलं तर तेच उदाहरण तिसऱ्या दिवशी पुन्हा, पहिल्यापासून. सोबत चुकांची वेगळी वही: तारीख, उदाहरण, काय चुकलं, का चुकलं. शेवटच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहायला बंदी. त्या शब्दातून काहीच कळत नाही.

तेरीज जुळली नाही की ती सगळं खोडून पुन्हा मांडायची आणि वेळ तिथंच जायचा. त्याऐवजी फरकाचा आकडा बोलका असतो. आधी बेरजा खालून वर पुन्हा करायच्या. मग फरकाएवढी रक्कम प्रश्नात कुठं आहे का बघायचं, असली तर ती घ्यायची राहिलीय. नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. फरक १,८०० आणि प्रश्नात ९०० ची दिलेली सूट असेल, तर ती उलट्या बाजूला गेली असण्याची शक्यता मोठी. फरकाला ९ नं भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल शोधायची: ६,३०० च्या जागी ३,६०० लिहिलं तर फरक २,७००. हे सगळं मिळून पाच मिनिटं. त्यात सापडलं नाही तर परीक्षेत पुढच्या प्रश्नाकडं वळायचं. कार्यटिपा (वर्किंग नोट्स) आणि बरोबर मांडलेल्या रकमांना गुण असतात, एका न जुळलेल्या बेरजेसाठी शेवटचा अख्खा प्रश्न सोडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. उलट जुळली म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. यंत्राची दुरुस्ती यंत्र खात्यालाच नावे केली, किंवा एखादा व्यवहार पूर्ण विसरला, तरी तेरीज जुळतेच.

पुढच्या परीक्षेत तिचा अकाउंट्सचा राहिलेला पेपर सुटला. फार गुण नाहीत, काठावरून जरा वर. बी.ए.चा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. आता मामांनी नवं काढलंय: ‘‘सी.ए.ला बसव की हिला.’’ फाउंडेशनला, म्हणजे सी.ए.च्या पहिल्या पायरीला, चार पेपर असतात, प्रत्येकात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के एकाच वेळी लागतात. दुसरी वाट पदवीनंतरची, बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता इंटरमीजिएटला नोंदणी होते. तिच्या आजच्या गुणांवर फाउंडेशनचं ओझं लादणं शहाणपणाचं वाटत नाही. ५५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवून पदवी नीट करावी, हे बरं. शिवाय पतसंस्था, दूध संघ आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात जी.डी.सी. अँड ए.ला (सहकार आणि लेखाकर्माच्या शासकीय पदविकेला) अजून मान आहे. सहकार खात्याची ही परीक्षा पार पडली तर सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाची वाट उघडते.

ती म्हणाली, ते सगळं नंतर. स्टॅटिस्टिक्ससाठी तिनं चुकांची दुसरी वही आणलीय.