एसएसडी अर्ध्याच वेगाने का चालते?

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपला ४८० जीबीची साटा एसएसडी (साटा केबलने जोडायची, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवली. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये रीड (वाचनाचा वेग) सेकंदाला २७० एमबीच्या आसपास येतो, खोक्यावर ५५० लिहिलंय. मोठे व्हिडिओ कॉपी करताना तर वेग ५०वर घसरतो. डिस्कवर २० जीबी जागा उरली आहे. एसएसडी खराब आहे का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बहुधा नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

२७० हा आकडा साटा-२ पोर्टची (डिस्क जोडायच्या जुन्या, कमी वेगाच्या जागेची) ओळखच आहे. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ‘ट्रान्सफर मोड’ बघा. डावीकडे (सध्याचा वेग) ३०० आणि उजवीकडे (डिस्कची क्षमता) ६०० दिसलं, तर डिस्क सक्षम आहे, पोर्ट कमी पडतोय. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ६ जीबीपीएसचा पोर्ट शोधून केबल तिथे लावा. आधी कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. एच६१ चिपसेटमध्ये (जुन्या मदरबोर्डवरची मुख्य चिप) मात्र असा पोर्टच नसतो. तेवढ्यासाठी नवा बोर्ड घेऊ नका, रोजच्या वापरात फरक फारसा जाणवणार नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सीआरसी एररचा (माहिती पोचवतानाच्या चुकांचा) आकडा वाढत असेल, तर केबल बदला.

५०वर घसरण्याचं कारण जागेची टंचाई. स्वस्त एसएसडी रिकाम्या जागेचा काही भाग वेगवान कॅशे (तात्पुरती साठवण) म्हणून वापरते. तो भरला, की थेट संथ सेल्समध्ये लिहावं लागतं. विंडोजला दिसणाऱ्या ४४७ जीबीपैकी ७०-८० मोकळे ठेवा. मग ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडून ‘ऑप्टिमाइझ’ दाबा. एसएसडीवर त्यातून ट्रिम होतं (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळतं), डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं) नव्हे. त्यानंतर कॉम्प्युटर तासभर नुसता चालू ठेवा आणि पुन्हा मोजा.

व्हिडिओ हलवताना दुसऱ्या डिस्कवरची प्रत उघडून बघा, मगच मूळ फाइल पुसा. ट्रिम झाल्यावर पुसलेलं परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं.