ट्रॅकसाठी जुनी गाडी: कमी किमतीची घ्यावी की कमी खर्चाची?

नमस्कार,

तुमचा प्रश्न आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही ३३ वर्षांचे, नोकरदार. घरात पत्नी आणि लहान मुलगी. सहा महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी बाजूला आहे, डोक्यावर कर्ज नाही, आणि तीन वर्षांनी घर घ्यायचं म्हणून दरमहा वेगळी रक्कम साठते आहे. याशिवाय पाच पगारांइतके पैसे तुम्ही केवळ या छंदासाठी जमवले आहेत. रोजच्या गाडीने काही ट्रॅक डे (फी भरून शर्यतीच्या सर्किटवर आपली गाडी चालवायचे दिवस) करून झाले, आता सर्किटसाठी वेगळी जुनी गाडी हवी आहे. समोर दोन गाड्या आहेत. तीन पगारांत मिळणारी, ई४६ पिढीतली सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू ३३०आय. आणि चार पगारांत मिळणारी दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५. माझदाच्या आधीच्या मालकाने कूलिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनची कामं करून घेतली आहेत, रोल बारही (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान) बसवला आहे. बीएमडब्ल्यूला काम आहे, पण ती घेतली तर एक पगार वाचतो, असं तुम्ही लिहिलं आहे.

तो वाचत नाही. माझदा घ्या.

तुम्हीच पाठवलेलं मेकॅनिकचं कोटेशन बघा. रेडिएटर, वॉटर पंप, सस्पेन्शनचे रबरी बुश, ब्रेक आणि चार टायर मिळून दीड पगार. म्हणजे सर्किटवर पहिली चक्कर मारायच्या आधीच साडेचार पगार गेले आणि हातात अर्धा उरला. माझदा घेतली तर पूर्ण एक पगार उरतो. शिवाय कोटेशनमध्ये गाडीच्या मागच्या भागाचा उल्लेखच नाही. ई४६ मध्ये मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) जिथे बॉडीला बसतो, तिथला पत्रा फाटणं ही या पिढीची माहीत असलेली दुखरी जागा आहे. सर्किटवर तिथे ताण जास्त येतो. गाडी लिफ्टवर घेऊन, सबफ्रेम थोडा खाली उतरवून पाहिल्याशिवाय नेमकं कळत नाही, आणि पत्रा फाटलेला निघाला तर वेल्डिंग आणि मजबुतीकरणाचं बिल त्या अर्ध्या पगारात मावणार नाही.

खरा फरक मात्र पुढे, दर दिवशीच्या खर्चात पडतो. चालकासकट माझदाचं वजन साधारण ११०० किलो धरा, बीएमडब्ल्यूचं १५००. एका मोठ्या सरळ पट्ट्याच्या शेवटी माझदा ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणायची, तर ब्रेकना सुमारे ८ लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. बीएमडब्ल्यूची ताकद जास्त, त्यामुळे ती त्याच जागी १८० ने पोहोचते असं समजा. तिला ८० वर आणताना सुमारे १५ लाख ज्यूल जिरवावे लागतात. एकाच वळणावर जवळपास दुप्पट. हे दर चकरेला, दिवसभर. ही सगळी उष्णता पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. टायरही वजनाच्या आणि ताकदीच्या हिशेबाने झिजतात. इंधन तर सर्किटवर रस्त्याच्या दुपटी-तिपटीने जातंच, आणि इथेही मोठं इंजिन जास्त खातं. तुम्हाला वर्षाला आठ दिवस करायचे आहेत. त्या आठ दिवसांचा खर्च मासिक बचतीतून निघायला हवा, आणि तुमच्या आकड्यांवरून तो माझदाचा निघतो. बीएमडब्ल्यूचा निघाला, तर चार-पाच दिवसांचा निघेल. गाडी घेऊन ती अंगणात उभी ठेवण्यासाठी तुम्ही दोन वर्षं पैसे जमवलेले नाहीत.

ताकद कमी म्हणून कंटाळा येईल, ही तुमची शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तर देते. शिकणाऱ्याला हलकी, कमी ताकदीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी जास्त शिकवते. वळणात वेग राखता आला नाही तर पुढच्या सरळ पट्ट्यावर तो भरून काढायला इंजिन मदतीला येत नाही, त्यामुळे चूक कुठे झाली हे लगेच कळतं. दोन-तीन वर्षांनी मोठी गाडी घ्यावीशी वाटली तर तेव्हा घ्या. या वयाच्या गाडीचा बराचसा घसारा आधीच्या मालकांनी सोसलेला असतो. नीट ठेवलेली, कागदपत्रं जपलेली माझदा विकताना तुमचं नुकसान मर्यादित राहील.

तरी पैसे देण्याआधी गाडी नीट बघा. ही पिढी १९९८ ते २००५ मधली, म्हणजे तिचं वय वीस वर्षांच्या पुढे आहे. एमएक्स-५ चा शत्रू गंज. दारांखालचे सिल, विशेषतः मागच्या चाकाच्या पुढचा भाग, बोटाने दाबून बघा. नवा रंग किंवा जाड अंडरकोट दिसला तर जास्तच दाबा. पुढच्या चेसिस रेलनाही (तळाच्या लांब पोलादी तुळयांनाही) खालून टॉर्च मारून बघा, तिथला गंज वरून दिसत नाही. इंजिन थंड असताना कूलंटचं झाकण उघडा: कूलंट स्वच्छ रंगाचं हवं, तपकिरी गाळ नको. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर टायर नव्याने घ्यावे लागतील, आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरा. तुमच्या विश्वासातल्या मेकॅनिकला तपासणीची फी देऊन सोबत न्या. या व्यवहारात सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त काम तीच फी करते.

उरलेल्या एका पगाराचं काय करायचं तेही सांगते, कारण एक्झॉस्ट आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) यांची यादी तुम्ही आधीच जोडली आहे. ती पहिलं वर्षभर बाजूला ठेवा. आधी चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर दर्जाची मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळापर्यंत जातं, तेही नेमकं जोरात ब्रेक लागतो तेव्हा. एक डबा ऑइल आणि तासाभराची मजुरी यापुढे एक्झॉस्टचं काही महत्त्व नाही. बाकीची रक्कम दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा, आणि प्रत्येक ट्रॅक डे नंतर जितकं वापरलं तितकं परत भरा. खातं भरलेलं नसेल तर पुढचा दिवस बुक करू नका.

आता घराच्या पैशांबद्दल. ‘थोडे तात्पुरते वळवले तर?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. तीन वर्षांवर आलेलं घर आणि सर्किटवरची गाडी यांच्यात पैशांची ये-जा नको. पर्सनल लोनही नको, हप्ता कितीही छोटा असला तरी. यामागे साधं कारण आहे: ही गाडी एका दुपारी पूर्णपणे जाऊ शकते. सर्वसाधारण वाहन विमा शर्यत आणि सर्किटवरचं नुकसान बहुधा वगळतो, आणि बऱ्याच सर्किटांच्या करारात बॅरिअरचं (कडेच्या संरक्षक कठड्याचं) नुकसानही चालकाकडून वसूल करायची अट असते. गाडी भिंतीला लागली आणि त्यानंतर तीन वर्षं हप्ता भरत बसायचं, ही वेळ घरावर आणायची नाही. गाडीचे चार पगार गेले तरी घर, शिक्षण, निवृत्ती यातल्या कशालाही धक्का लागत नाही, म्हणूनच मी या खरेदीला हो म्हणते आहे. हेच पाच पगार वर्षाला ८ टक्क्यांनी गुंतवले असते तर नऊ वर्षांत दुप्पट झाले असते, हे मला माहीत आहे. पण तुमच्या जबाबदाऱ्यांची तरतूद झालेली आहे, आणि तुम्ही हे पैसे याच कामासाठी ठरवून जमवलेत. ते खर्च करताना अपराधी वाटण्याचं कारण नाही.

एक काम मात्र गाडीच्या आधी करा. तुमची आयुर्विमा आणि आरोग्य विम्याची पॉलिसी काढा आणि मोटरस्पोर्ट किंवा धोकादायक खेळ वगळल्याचं कलम शोधा. असेल तर कंपनीला लेखी विचारा, ट्रॅक डे त्यात धरतात का. उत्तर लेखीच घ्या. मुलगी लहान असताना हा मुद्दा माझ्या दृष्टीने गाडीच्या निवडीपेक्षा मोठा आहे, आणि उत्तर अडचणीचं आलं तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तरही बदलेल.

मित्रासोबत निम्मी-निम्मी गाडी घ्यायचा पर्याय वाईट नाही. गुंतलेला पैसा अर्धा होतो. झीज होणारे भाग ज्याचे दिवस त्याच्या हिशेबात, देखभाल निम्मी-निम्मी, आणि ज्याच्या हातून गाडी आपटेल त्याने दुसऱ्याचा हिस्सा ठरलेल्या किमतीला द्यायचा, एवढं आधी कागदावर सही करून ठेवा. मित्र सही करायला कचरला तर एकट्याने घ्या.

जुनं हेल्मेट स्वस्तात मिळतंय असं लिहिलंय, ते घेऊ नका. आतला फोम एकदा आघात झाला की दबतो, पुन्हा तसं संरक्षण देत नाही, आणि हे बाहेरून दिसत नाही. गाडीच्या शर्यतीसाठीचं स्नेल या अमेरिकी संस्थेच्या एसए मानांकनाचं नवं हेल्मेट घ्या. मोटरसायकलच्या मानांकनापेक्षा ते वेगळं असतं: त्यात आगीची आणि रोल बारवर डोकं आपटण्याचीही चाचणी होते. तुमच्या सर्किटला कोणत्या सालचं मानांकन चालतं ते विकत घेण्याआधी विचारून घ्या. त्याचे पैसे त्या उरलेल्या पगारातून, पॅड आणि ऑइलच्याही आधी काढून ठेवा.